शिकारी रायफलीचे मोल

बदलीचा हुकूम हाती पडला की सरकारी नोकराच्या घरात पहिला हिशेब सुरू होतो तो सामानाचा. काय बरोबर न्यावयाचे, काय येथेच विकावयाचे आणि काय शेजाऱ्यांस देऊन टाकावयाचे, हे प्रश्न परप्रांतात नोकरी करणाऱ्या आमच्या वाचकांस नवे नाहीत. पलंग, कपाट, जेवणाचे मेज यांची किंमत ठरविण्यास फारसे सायास पडत नाहीत. नवे केवढ्यास मिळते आणि जुने किती झिजले आहे एवढे पाहिले की व्यवहार पुरा होतो. परंतु एखाद्या घरात अशी एक वस्तू निघते की तिच्यापुढे हा साधा हिशेब थिटा पडतो. ती म्हणजे वडिलोपार्जित शिकारी रायफल; आणि तीही मूळ मालकाने आपल्या सोयीप्रमाणे व हौसेप्रमाणे बदलून घेतलेली.

आमच्या एका स्नेह्यांकडे अशी रायफल आहे. त्यांचे आजोबा जुन्या मध्यप्रांतात जंगलखात्यात होते. रायफल लंडनच्या एका नामांकित कारागिराची. आजोबांचा बांधा ठेंगणा, म्हणून त्यांनी दस्ता इंचभर कापून घेतला व त्यास रबराची गादी बसविली. दृष्टी मंदावली तेव्हा दुर्बीण बसविण्यासाठी पोलादास भोके पाडून घेतली. निवृत्तीच्या सुमारास दस्त्यावर चांदीची लहानशी ढाल जडवून तीवर आपली आद्याक्षरे कोरविली. या प्रत्येक कामाची पावती त्यांनी पत्र्याच्या पेटीत जपून ठेविली होती. आमच्या स्नेह्यांनी त्या पावत्यांची बेरीज केली, तीत रायफलीची मूळ किंमत मिळविली, रुपयाचे मोल घसरल्याचा विचार करून आजच्या मानाने एक आकडा काढला आणि आम्हांस विचारले, "एवढे तरी यावेत ना?" आम्ही सांगितले की बेरीज बरोबर आहे, परंतु यांतील बहुतेक रकमा मिळवावयाच्या नसून वजा करावयाच्या आहेत. हे उत्तर त्यांस कठोर वाटले. कोणासही वाटेल. त्याची कारणे इतिहासात आहेत, म्हणून तो इतिहासच येथे मांडण्याचे आम्ही योजिले आहे.

उत्तम इंग्रजी रायफल ही मुळातच मापाने बनविलेली वस्तू होती. लंडनचे नामांकित कारागीर गिऱ्हाइकाच्या हाती हवी तशी वळविता येणारी नमुन्याची बंदूक देत, ती खांद्यास लावावयास सांगत आणि त्याच्या हाताची लांबी, मानेचा झुकाव, नेम धरण्याचा डोळा यांवरून दस्त्याची मापे उतरून घेत. दस्ता चाप-खांद्याच्या अंतरास किती लांब असावा, उजव्या खांद्याच्या माणसासाठी तो किंचित बाहेर किती वळवावा, डावखुऱ्यासाठी तो आत किती घ्यावा, हे सर्व कारखान्याच्या वहीत रायफलीच्या क्रमांकापुढे लिहिले जाई. रिग्बी, हॉलंड अँड हॉलंड, वेस्टली रिचर्ड्स या पेढ्यांच्या अशा जुन्या वह्या टिकून आहेत. क्रमांक कळविला असता त्यांतील नोंदीचा उतारा मिळू शकतो. तेव्हा रायफल मालकाच्या मापाची असणे हा दोष नव्हे. ते माप वहीत आहे की नाही, यावर पुढचा सारा हिशेब अवलंबून असतो.

हिंदुस्थानात नोकरीस आलेल्या इंग्रज अंमलदारांस दर वेळी लंडन गाठणे शक्य नसे. त्यांच्यासाठी कलकत्त्यात मँटन, रॉडा यांसारख्या पेढ्या होत्या. मुंबईत आर्मी अँड नेव्हीचे भांडार होते. अंमलदार निवृत्त होऊन विलायतेस निघाला की त्याची रायफल अशाच एखाद्या पेढीत विक्रीस येई, आणि तेथून ती एखाद्या संस्थानिकाच्या, जमीनदाराच्या किंवा हिंदी अधिकाऱ्याच्या घरी जाई. दुसऱ्या हाताच्या रायफलींचा बाजार तो हाच. नव्या मालकाचे हात आखूड, मान लांब, डोळा डावा. मग दस्ता पुन्हा कापला जाई, किंवा मुंगेरसारख्या जुन्या बंदूककामाच्या गावी नवा शिसवी दस्ता बसविला जाई. ते काम पुष्कळदा सुरेख असे. तरीही बाजार ते काम जमेस धरीत नसे, कारण त्या कामाची नोंद लंडनच्या वहीत नव्हती.

शस्त्राच्या किंमतीत सरकारची भीती हाही एक मोठा घटक असतो, हे आमच्या वाचकांस वेगळे सांगावयास नको. वर उल्लेखिलेली रॉडा पेढी म्हणजे तीच, की जिच्या मालातून २६ ऑगस्ट १९१४ रोजी ५० माउझर पिस्तुले आणि सुमारे ४६,००० काडतुसे बंगालच्या क्रांतिकारकांनी पळविली. परंतु त्यापूर्वी, १९०७ च्या सुमारासच, सरकारने .४५० व्यासाच्या शिकारी रायफली व त्यांची काडतुसे हिंदुस्थानात आणण्यास मनाई केली होती. जुन्या लष्करी मार्टिनी-हेन्री रायफलीची नळी त्याच व्यासाची. आणि अशा कित्येक रायफली सरकारी हातांतून निसटून इतरांच्या हाती गेलेल्या. शिकारीच्या काडतुसांतील गोळ्या त्यांच्या उपयोगी पडतील, ही चिंता. सुदानातही हीच बंदी होती. परिणाम असा झाला की तोवर हत्ती, गवा, वाघ यांच्यासाठी सर्वोत्तम मानलेली .४५० ची दुनळी हिंदुस्थानापुरती एकाएकी अडचणीची वस्तू ठरली. नळी तीच, पोलाद तेच, कारागिरी तीच. परंतु काडतूस येणार कोठून? विलायतेतील कारागिरांनी लगोलग .४६५, .४७०, .४७५, .४७६ अशी नवी मापे काढली आणि हिंदुस्थानची गिऱ्हाइके त्यांकडे वळली. लष्कराच्या .३०३ मापासही सामान्य परवानाधारकास बंदी होती, म्हणून येथे .३१५ ची रायफल रुळली. प्रथम ती बर्मिंगहॅमहून येई. स्वातंत्र्यानंतर ईशापूरच्या कारखान्याने त्याच मापाची रायफल बनविली. रायफलीचे मोल ठरविताना प्रथम तिचे काडतूस मिळते काय हे विचारावे, हा धडा त्या काळापासूनचा आहे. ज्याने हौसेने आपल्या रायफलीची नळी बदलून एखादे विरळ माप घेतले, त्याने आपल्या पश्चात येणाऱ्या गिऱ्हाइकांची संख्या स्वहस्ते घटविली असे समजावे.

दुसरा प्रश्न कसोटीच्या शिक्क्यांचा. लंडनच्या बंदूककारांच्या मंडळीस १६३७ मध्ये सनद मिळाली. बर्मिंगहॅमचे कसोटीघर १८१३ च्या कायद्याने स्थापन झाले. नेहमीपेक्षा जबर बार भरून नळी उडवून पाहावयाची आणि ती टिकली तर तीवर शिक्का मारावयाचा, ही तेथील रीत. शिक्का नसलेली बंदूक विकणे इंग्लंडात गुन्हा आहे. यातील मर्म असे की शिक्का बंदुकीच्या त्या वेळच्या रूपास मिळालेला असतो. मागाहून नळीचे भोक मोठे केले, काडतुसाची कोठी खोल केली, तर तो शिक्का त्या बंदुकीबद्दल काही सांगत नाही. तिची कसोटी पुन्हा व्हावी लागते. नळीचे आतील अंगही असेच निरखून पाहावे लागते. जुन्या काडतुसांच्या टोपीतील क्षार नळीत राहत आणि पावसाळ्याच्या दमट हवेत एका रात्रीत गंज धरीत. म्हणून दक्ष शिकारी सायंकाळी मुक्कामास येताच नळी कढत पाण्याने धुऊन मग तेल लावीत. ज्या घरी ही शिस्त पाळली गेली तेथील नळीचे आटे आजही आरशासारखे दिसतात. चांदीच्या ढालीपेक्षा ही कढत पाण्याची शिस्त विक्रीच्या वेळी अधिक कामास येते.

फेरबदलाने मोल कसे घटते याचा सर्वांत स्पष्ट दाखला अमेरिकेत सापडतो. पहिल्या महायुद्धानंतर तेथे १९०३ सालच्या नमुन्याच्या स्प्रिंगफील्ड लष्करी रायफली नागरिकांच्या हाती आल्या. हजारो हौशी लोकांनी त्यांचा जड लष्करी दस्ता काढून टाकला, नळी आखूड केली, शिकारी दस्ता चढविला. त्या काळी ही सुधारणाच होती. आणि शिकारीच्या दृष्टीने ती खरोखर सुधारणा होती. आज मात्र संग्राहक मूळ रूपात राहिलेल्या लष्करी रायफलीस अधिक दाम देतात आणि कोणा अनामिकाने बदललेलीस बरेच कमी. यास अपवाद आहेत. न्यूयॉर्कच्या ग्रिफिन अँड हाउ या १९२३ मध्ये स्थापन झालेल्या पेढीने त्याच रायफलीवर काम केले असेल, तिचे नाव व क्रमांक नळीवर असेल, तर ती मूळ लष्करी रायफलीपेक्षाही पुष्कळ चढ्या भावाने जाते. म्हणजे बदल हा स्वतः गुण नव्हे आणि दोषही नव्हे. त्यास कर्ता आहे काय आणि त्या कर्त्याची नोंद आहे काय, एवढेच बाजार पाहतो. विंचेस्टर कंपनीच्या ७० क्रमांकाच्या रायफलीचेही असेच आहे. १९६४ मध्ये कंपनीने खर्च वाचविण्यासाठी तिची घडण बदलली, तेव्हापासून त्यापूर्वीच्या रायफलींस मान आला. परंतु त्यांतीलही एखाद्या रायफलीचा दस्ता कापून रबर लाविले असेल किंवा कारखान्याने न पाडलेली भोके तिला पाडली असतील, तर जाणते गिऱ्हाईक तत्काळ हात आखडता घेते.

या सर्व नियमांच्या उलट जाणारे एक उदाहरण आपल्याच देशात घडले आहे, आणि ते चंपावतचे आहे. नेपाळ व कुमाऊँ मिळून ४३६ माणसे मारल्याची जिची ख्याती होती, ती नरभक्षक वाघीण जिम कॉर्बेट यांनी १९०७ मध्ये मारली. त्या शिकारीत हाकाऱ्यांची व्यवस्था चंपावतच्या तहसीलदारांनी केली होती. कॉर्बेट यांच्या जवळची तीन काडतुसे संपली, वाघीण जखमी होऊन समोर उभी राहिली, तेव्हा त्यांनी धावत जाऊन तहसीलदारांची बंदूक घेतली. ती बंदूक इतकी जुनाट होती की तिच्या नळ्या व मागील पोलाद यांमध्ये चांगली फट पडलेली होती. नेम वाघिणीच्या तोंडावर धरला, गोळी पायास लागली. परंतु आधीच्या जखमांनी तिची शक्ती सरलेलीच होती आणि तेवढ्या धक्क्याने ती खाली आली. ही हकीगत कॉर्बेट यांनी स्वतःच, १९४४ मध्ये ऑक्सफर्डच्या मुंबई शाखेने प्रसिद्ध केलेल्या आपल्या कुमाऊँच्या नरभक्षकांवरील पुस्तकात दिली आहे. कोणत्याही पेढीने त्या फटीच्या बंदुकीस मोडीपलीकडे मोल दिले नसते. पुढे नैनितालच्या दरबारात संयुक्त प्रांताचे नायब गव्हर्नर सर जॉन ह्यूएट यांनी तहसीलदारांस लेख कोरलेली एक नवी बंदूक बक्षीस दिली. सरकारी चाकरीत कर्तव्याचे असे चीज क्वचितच होते, म्हणूनही हा प्रसंग आमच्या वाचकांनी लक्षात ठेवावा असा आहे.

कॉर्बेट यांसही ह्यूएट यांनी एक रायफल दिली. ती रिग्बीची .२७५ ची, माउझर बनावटीची, वजनाने हलकी. तिच्या दस्त्यावर चांदीचा पत्रा असून चंपावतच्या वाघिणीबद्दल ही भेट दिली असा मजकूर त्यावर कोरला आहे. याच रायफलीने कॉर्बेट यांनी मे १९२६ मध्ये, सव्वाशे माणसांचा बळी घेतलेला रुद्रप्रयागचा बिबळ्या मारला. कॉर्बेट १९५५ मध्ये केनियात वारले. रायफल ऑक्सफर्डच्या प्रकाशनसंस्थेकडे राहिली आणि २०१५ मध्ये ती घडविणाऱ्या रिग्बी पेढीनेच ती मिळविली. २०१६ मध्ये ती काही दिवसांसाठी कुमाऊँत आणली गेली, तेव्हा कॉर्बेट यांच्या छोटी हल्द्वानी गावच्या लोकांनी ती पाहिली. एरवी दस्त्यावर परक्याचे नाव कोरलेले असले की गिऱ्हाईक नाक मुरडते. येथे तो पत्रा काढून टाकला, तर मागे उरेल ती त्या काळी कित्येक अंमलदारांच्या हाती असलेल्या रायफलींपैकी एक.

कॉर्बेट यांची दुसरी एक रायफल, जेफरी यांनी घडविलेली .४५०/४०० ची दुनळी, अमेरिकेतील एल्मर कीथ या बंदुकांवर लिहिणाऱ्या प्रसिद्ध लेखकाच्या संग्रहात होती. २०१५ मध्ये ती लिलावात २ लाख ६० हजार डॉलरांच्या वर गेली. अर्नेस्ट हेमिंग्वे यांच्याकडे राहिलेली वेस्टली रिचर्ड्सची .५७७ ची दुनळी २०११ मध्ये ३ लाख ३९ हजार डॉलरांच्या वर विकली गेली. आणि अध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांच्यासाठी मुद्दाम घडवून भेट दिलेली फॉक्स कंपनीची छऱ्याची दुनळी २०१० मध्ये ८ लाख ६२ हजार ५०० डॉलरांस गेली. हे आकडे वाचून आपल्या घरच्या रायफलीकडे आशेने पाहण्याचा मोह होतो. परंतु ते आकडे पोलादाचे नव्हेत, नक्षीचेही नव्हेत. ते हस्तांतराच्या अखंड साखळीचे आहेत. अमुक वस्तू अमुकाची होती, त्याच्या हातून तिने अमुक केले, नंतर ती अमुककडे गेली, यांतील प्रत्येक दुव्यास कागद आहे. एक दुवा निखळला की किंमत एकदम खाली येते, कारण मग राहते ती केवळ ऐकीव गोष्ट.

आता आपल्या देशाचा प्रश्न. येथे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीचे युग संपविले, आणि आमच्या मते ते संपावयासच हवे होते. १ ऑक्टोबर १९६२ पासून अमलात आलेल्या १९५९ च्या शस्त्र कायद्याप्रमाणे विकणारा व घेणारा दोघांजवळही परवाना हवा. २०१९ च्या दुरुस्तीने एका परवानाधारकाने बाळगावयाच्या बंदुकांची मर्यादा तीनवरून दोनवर आणली, आणि वारसाहक्काने आलेल्या बंदुकीही त्या मर्यादेतच मोजल्या जातात. स्वसंरक्षणासाठी परवाना घेणारा मनुष्य आपल्या दोन जागांपैकी एक जागा मोठ्या जनावरासाठी बनविलेल्या, काडतूस दुर्मिळ झालेल्या रायफलीस कशाला देईल? डॉलरांचा बाजार तर आपल्यास बंदच आहे; शंभर वर्षांहून जुनी ऐतिहासिक वस्तू खाजगी व्यक्तीस परदेशी पाठविता येत नाही, ही १९७२ च्याच पुरावस्तूविषयक कायद्याची आज्ञा आहे. त्यामुळे लंडनमध्ये जिच्यासाठी चार लोक हात वर करतील तीच रायफल येथे परवानाधारक विक्रेत्याच्या कोठारात वर्षानुवर्षे पडून राहते.

तेव्हा ज्यांस अंदाज करावयाचाच आहे त्यांनी क्रम असा धरावा. प्रथम परवाना व काडतूस. ती नसतील तर पुढचे विचार व्यर्थ. मग कारागिराचे नाव, क्रमांक आणि वहीतील नोंद. मग नळीचे आतील अंग. मग मूळ रूप किती शिल्लक आहे ते. कापलेला दस्ता, पाडलेली भोके, घासून पुन्हा चढविलेली निळी झिलई ही वजाबाकीची कलमे. आणि मूळ रूप परत आणण्याचा खर्च हीही वजाबाकीच, कारण गिऱ्हाईक तो खर्च मनात धरूनच बोलते. शेवटी कागदपत्रे. बहुतेक लोक हे कलम मुळीच धरीत नाहीत, आणि पुष्कळदा तेच सर्वांत मोठे असते.

आमच्या स्नेह्यांस आम्ही हे सर्व सांगितले. ते बराच वेळ गप्प राहिले. नंतर म्हणाले की आजोबा शिकारीची एक वही ठेवीत असत. तारीख, मुक्काम, बरोबर कोण होते, किती काडतुसे खर्च झाली, कोणत्या गावाने गुराढोरांवर पडणाऱ्या वाघाबद्दल अर्ज केला होता, सारे त्यात शाईने लिहिलेले. वडिलांच्या एका बदलीच्या वेळी सामान आवरताना ती वही रद्दीत गेली. पावत्या मात्र पैशांचे कागद म्हणून जपल्या गेल्या. आपण काय राखतो आणि काय टाकतो याचा विचार आम्ही त्या सायंकाळी पुष्कळ केला. दस्ता इंचभर का कापला, हे त्या वहीत कदाचित नसेल. परंतु तो कापलेला दस्ता खांद्यास लावून कोण, कोठे, कोणासाठी रात्रभर मचाणावर बसला, हे त्यात निश्चित होते. त्या इंचास अर्थ देणारी वस्तू तीच होती.

रायफल त्यांनी विकली नाही. परवानाधारक विक्रेत्याने सांगितलेली किंमत ऐकून त्यांनी ती नियमाप्रमाणे त्याच्याकडेच ठेव म्हणून ठेविली आहे. सध्या ते एक कोरी वही घेऊन वडिलांकडून ऐकलेल्या गोष्टी लिहून काढीत आहेत. त्यांच्या आत्याबाई हयात आहेत, त्यांस पत्र घालून गावांची व माणसांची नावे विचारून घेत आहेत. ही वही बाजारात मूळ वहीची जागा घेणार नाही, हे त्यांस ठाऊक आहे. आमच्या वाचकांपैकी ज्यांच्या घरी पुढील बदलीचा हुकूम येईल, त्यांनी सामानाचा हिशेब मांडताना जुन्या वह्यांची चळत रद्दीवाल्यापुढे टाकण्यापूर्वी एकदा उघडून पाहावी, एवढीच आमची विनंती आहे.